योता कालव्यातून चार दिवस: स्वीडनच्या छोट्या जहाजावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गॉथेनबर्ग ते स्टॉकहोम हे अंतर रेल्वेने तीन-साडेतीन तासांचं. तेच योता कालव्यातून जुन्या जहाजाने कापायला चार दिवस लागतात, वाटेत ६६ लॉक (जहाजाला वर-खाली नेणारे दारांचे हौद) लागतात आणि तिकीट रेल्वेच्या कित्येक पट पडतं. त्या पैशात बाल्कनी नाही, लिफ्ट नाही, केबिनमध्ये टीव्ही नाही. संडास-बाथरूमही केबिनच्या बाहेर, सामाईक. मोठ्या क्रूझवर जाऊन आलेल्यांचा हिरमोड होतो तो इथेच, आणि दोष जहाजाचा नसतो. आपण काय विकत घेतोय हे त्यांनी बघितलेलंच नसतं.

एक माप लक्षात ठेवा. कालव्यातल्या लॉकची रुंदी सुमारे ७ मीटर, जहाजाची ६.७. दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही. केबिन, जिने, स्वयंपाकघर, तुमची बॅग, सगळं या मापात बसवलेलं आहे. खाली दिलेल्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

१. आधी मार्ग ठरवा

छोटं जहाज म्हणजे साधारण दोनशेच्या आत प्रवासी. उत्तर युरोपात अशा जहाजांचे चार ठळक मार्ग आहेत आणि प्रत्येकाची आपली एक मेख आहे.

बाल्टिक: कोपनहेगन, व्हिस्बी, ताल्लिन, रीगा, ग्दान्स्क, हेलसिंकी. इतिहासाची आवड असणाऱ्यांना हा मार्ग सर्वांत भरगच्च. पण माहितीपत्रकात शहराचं नाव एक आणि जहाज लागतं दुसरीकडेच, असं इथे सर्रास होतं. ‘बर्लिन’ लिहिलेलं असलं तर बंदर वार्नेम्युंडे असतं आणि बर्लिन तिथून अडीच-तीन तासांवर, तेही एकेरी. मोठी जहाजं ‘ग्दान्स्क’ म्हणून गदिनियाला आणि ‘स्टॉकहोम’ म्हणून न्यूनेसहामनला लागतात. छोट्या जहाजाचा खरा फायदा गावाच्या जवळ लागण्यात आहे. तोच मिळणार नसेल तर जास्त पैसे का मोजायचे? म्हणून धक्क्याचं नाव लेखी मागा. जुन्या माहितीपत्रकांत सेंट पीटर्सबर्ग दिसलं तर ते सोडून द्या. २०२२ पासून या फेऱ्या तिथे जात नाहीत.

नॉर्वे: बर्गनची ब्रुग्गेन वखार आणि फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्या. गायरांगर आणि नॅरॉय हे जागतिक वारसा फियॉर्ड बघायचे असतील तर एक नवा नियम माहीत हवा. १ जानेवारी २०२६ पासून १०,००० टनेजखालच्या प्रवासी जहाजांना तिथे शून्य उत्सर्जनाची अट आहे. मोठ्यांना २०३२ पर्यंत सवलत. म्हणजे अडचण आधी छोट्या जहाजांनाच. ‘आमचं जहाज आत जातं का?’ हे बुकिंगपूर्वी विचारा.

स्कॉटलंडची बेटं, ऑर्कनी, शेटलंड, फेरो: भारतीय पासपोर्टवर सर्वांत किचकट. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यातली असली तरी शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर; व्हिसावर ती बेटं चालतील असा स्पष्ट उल्लेख लागतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचंही तसंच, तिथून परतताना शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश धरला जातो, म्हणून एकेरी प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही.

चौथा मार्ग योता कालव्याचा. पहिल्या खेपेला हाच घ्या. देश एक, व्हिसा एक, पाणी बहुतांश शांत आणि किनारा कायम हाताशी. पुढचं सगळं या मार्गाबद्दल.

२. जहाज आणि केबिन

या मार्गावर तीन जुनी जहाजं चालतात: यूनो (१८७४), विल्हेल्म थाम (१९१२) आणि डायाना (१९३१). प्रत्येकावर पन्नासच्या आसपास प्रवासी. हंगाम मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

केबिन रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या कूपेएवढी समजा. बहुतेकींत एकावर एक बर्थ, एक छोटं बेसिन, कपडे टांगायला चार हुक. दोघांनी एकाच वेळी उभं राहून कपडे बदलायचं म्हटलं तर कोपर लागतं. बुकिंग करताना हे विचारून घ्या:

– केबिन कोणत्या डेकवर? खालच्या डेकला इंजिनाचा आवाज जास्त आणि लॉकमध्ये खिडकीबाहेर नुसती दगडी भिंत. वरच्या डेकच्या बऱ्याच केबिनचं दार थेट बाहेर उघडतं. उजेड-वारा भरपूर, पण रात्री संडासला जाताना अंगावर जाकीट चढवावं लागतं.
– बर्थ एकावर एक की शेजारी? गुडघे दुखत असतील तर वरचा बर्थ नको. शेजारचे बर्थ असलेल्या केबिन मोजक्या असतात आणि सर्वांत आधी भरतात.
– जेवणाच्या खोलीपासून केबिनपर्यंत किती जिने? जिने उभे आणि अरुंद असतात. वॉकर किंवा व्हीलचेअर लागणाऱ्यांनी हा प्रवास निवडू नये.
– एकट्याने जात असाल तर जादा आकार किती? लहान मुलं बरोबर असतील तर वयाची अट काय?

दिशा कोणती घ्यावी, यावर मतं दोन आहेत. आम्ही गॉथेनबर्गहून स्टॉकहोमला जाण्याच्या बाजूचे. शेवट स्टॉकहोमला झाला की संग्रहालयांना निवांत दोन दिवस देता येतात. मात्र दिशा बदलली की रात्री झोपेत निघून जाणारी ठिकाणंही बदलतात. त्या तारखेचं वेळापत्रक मागवून ते बघा.

जूनमध्ये जाणार असाल तर मिडसमरचा सण टाळा. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी स्वीडन अक्षरशः बंद असतं. दुकानं, संग्रहालयं, बरीचशी उपाहारगृहंसुद्धा. ऑगस्टच्या मध्यानंतर शाळा सुरू होतात आणि लहान गावांतल्या प्रेक्षणीय स्थळांच्या वेळा कमी होतात. मेचा शेवट ते जूनचा मध्य किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा, हे दोन काळ बरे.

३. पैसे

चांगली केबिन हवी तर आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास बुकिंग करा. आधी अनामत, उरलेली रक्कम निघण्याच्या काही आठवडे आधी, अशी रीत असते. रद्द केल्यास किती कापतात याचे टप्पे छापलेले असतात. व्हिसा नाकारला गेल्यास परतावा मिळतो का, हे वेगळं विचारा. बहुतेकदा मिळत नाही. त्यासाठी विम्यात तशी तरतूद बघावी लागते.

भारतातल्या एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलं तर वर टीसीएस (एजंटने आगाऊ वसूल केलेला आयकर) लागतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, तेव्हा चालू दर विचारा. ही रक्कम बुडत नाही; आयकर खात्याच्या तुमच्या नोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. एजंटला पॅन अचूक द्या, नाहीतर ती दिसणारच नाही.

स्वीडनमध्ये रोख जवळजवळ कोणी घेत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगवेगळी कार्डं ठेवा, बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशी वापर सुरू करा आणि पिन पाठ असू द्या. फक्त रुपेवर विसंबू नका. मशिन ‘रुपये की क्रोना?’ विचारतं तेव्हा नेहमी क्रोना निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो.

४. व्हिसा आणि कागदपत्रं

शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. नियमानुसार निर्णयाला ४५ दिवसही लागू शकतात आणि एप्रिल-मेमध्ये भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. जूनच्या जहाजासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज टाका.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस समान असतील तर जिथून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल ठेवणार तिथे. कालव्यातल्या रात्री सगळ्या स्वीडनच्याच, म्हणून हा मार्ग सोपा. पुढे कोपनहेगनला पाच-सहा दिवस जोडत असाल तर पुन्हा मोजा.

लागणारी कागदपत्रं:

– पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं
– ३५ × ४५ मिमी आकाराचे अलीकडचे फोटो
– भरलेला अर्ज आणि शुल्क: प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, केंद्राचे सेवा आकार वेगळे
– प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह
– विमानाचं आरक्षण (पैसे भरलेलं तिकीट नव्हे, व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका)
– जहाज कंपनीचं पत्र: प्रत्येक प्रवाशाचं नाव, चढण्या-उतरण्याचं बंदर, तारखा, पैसे भरल्याचा उल्लेख
– जहाजाच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींची हॉटेलं
– बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं किंवा व्यवसायाचे कागद, रजेचं पत्र
– दिवसवार प्रवासाचा तक्ता

अर्ज अडतात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, नाव. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तिहेरी रचना; पासपोर्टवर मधलं नाव आहे, जहाजाच्या पत्रावर नाही, विम्यावर आद्याक्षर आहे, असा घोळ होतो. सगळीकडे पासपोर्टबरहुकूम लिहा. दुसरं, रिकामी रात्र. जहाजाच्या आदल्या दिवशी पोहोचताय आणि हॉटेल दाखवलेलं नाही, तर ती एक रात्र खटकते.

व्हिसा आला की स्टिकर तिथेच वाचा: नावाचं स्पेलिंग, तारखा, किती वेळा प्रवेश, मुक्कामाचे दिवस. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत लागू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. पहिल्या शेंगेन विमानतळावर पुढचं विमान पकडायला तीन तास हाताशी ठेवा.

५. जेवण

एका छोट्या स्वयंपाकघरातून पन्नास माणसांचं जेवण निघतं. पदार्थ ठरलेले असतात आणि सामान आधीच भरलेलं असतं. जहाजावर चढल्यावर ‘मी शाकाहारी’ म्हणून सांगितलं तर दोन वेळा सॅलड आणि बटाटा मिळेल. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नका. मांस, मासे, कोळंबी, जिलेटिन, मांसाचा रस्सा, अंडी यांपैकी काय चालत नाही ते एकेक लिहा. दूध-दही चालतं हेही लिहा, नाहीतर वीगन धरून लोणीही देणार नाहीत. कांदा-लसूण-बटाटा नको असेल तर आधी होकार घ्या, मगच पैसे भरा.

आता बॅगेतला खाऊ. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, चक्का, पनीर आणि तूपसुद्धा. तुपातले बेसनाचे लाडू हा कस्टमवाल्याशी वाद घालण्याचा विषय आहे. न नेलेले बरे. ताजी फळं-भाज्या रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे मेमध्ये कुणासाठी हापूसची पेटी न्यायचा विचार असेल तर तो सोडा आणि ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा. चिवडा, तेलातले थेपले, कोरड्या चटण्या, मेतकूट, साखर-वेलची घातलेली सातूची पिठं बिनधास्त न्या. विजेची किटली मात्र नको. जहाजात आत जुनं लाकूडकाम, आग ही तिथली सर्वांत मोठी भीती. गरम पाणी मागितलं की मिळतं.

६. बॅग

हा प्रवास एकेरी आहे. एका शहरात चढता, दुसऱ्या शहरात उतरता. त्यामुळे ‘मोठी बॅग हॉटेलात ठेवून जाऊ’ हा नेहमीचा उपाय इथे लागू पडत नाही, आणि २८ इंची कडक बॅग केबिनमध्ये उघडायला जमीनच नाही. जहाजावर मोठं सामान ठेवायला वेगळी जागा आहे का ते विचारा. असली तरी चार दिवसांचं सामान एका मऊ, दाबता येणाऱ्या पिशवीत वेगळं भरा.

त्यात हे असावं: वारा-पाऊस अडवणारं जाकीट, एक लोकरीचा थर (उन्हाळ्यात गावात २० अंश असले तरी चालत्या डेकवर थंडी वाजते), रबरी तळाचे बूट, सपाता, बाथरूमपर्यंत जायला गाऊन किंवा ट्रॅकसूट, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे. जूनमध्ये रात्र जेमतेम होते आणि खिडकीचा पडदा पातळ असतो. भारतीय तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. दोन गोल पिनांचं अ‍ॅडॉप्टर हवं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा. कालव्यात लागत नाही, पण व्हेनर्न आणि व्हेटर्न ही तळी समुद्रासारखी मोठी आहेत आणि व्हेटर्न वाऱ्यात अचानक उसळतं.

७. पोहोचणं

मुंबईहून आखाती शहर, इस्तंबूल किंवा एखादं युरोपीय शहर करत गॉथेनबर्गला जाता येतं. कोपनहेगनला उतरून रेल्वेने जाणंही सोयीचं: ऑरेसुंडच्या पुलावरून, साडेतीन-चार तास. तिकिटांवर गावाचं स्वीडिश नाव असतं, उच्चार ‘योतेबोरी’ असा. स्टेशनवरच्या घोषणेतही तेच ऐकू येईल.

किमान एक रात्र आधी पोहोचा. बॅग मागे राहिली तर चालत्या जहाजावर ती आणून द्यायला कोणी येत नाही. तो दिवस वाया जात नाही. गॉथेनबर्गचं शहर संग्रहालय ज्या वास्तूत आहे ती स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची. १७३१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा मुख्य व्यापार चीनशी, पण तिचं एक जहाज सुरतेलाही येऊन गेलं होतं.

८. जहाजावर

कालवा १८१० ते १८३२ या काळात खणला गेला. बाल्ट्सार फॉन प्लातेन यांनी तो उभा केला, आराखड्याला स्कॉटिश अभियंता थॉमस टेलफर्डचा हात, आणि खणायला सुमारे ५८,००० सैनिक. १९० किलोमीटरपैकी ८७ किलोमीटर माणसांनी खणलेले, बाकी तळी. फॉन प्लातेन उद्घाटनाआधी, १८२९ सालीच गेले. मोतालाला कालव्याकाठीच त्यांची समाधी आहे. १८६२ मध्ये गॉथेनबर्ग-स्टॉकहोम रेल्वे धावू लागली आणि मालवाहतुकीच्या दृष्टीने कालव्याची सद्दी संपली. म्हणूनच तो फारसा न बदलता आपल्यापर्यंत आला.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. जहाज आत शिरताना खलाशी दोर घेऊन काठावर उडी मारतो, मागचं दार मिटतं, पुढच्या दाराच्या झडपा उघडतात आणि पाणी फेसाळत आत येतं. खिडकीशी उभं राहून बघा: ओली, शेवाळलेली भिंत खाली सरकू लागते, मग गवताची मुळं दिसतात, मग लॉकवाल्याचे बूट, मग त्याचा चेहरा, आणि शेवटी अख्खं शेत.

इथला एकच कडक नियम म्हणजे हात, पाय, मोबाइलची काठी, काहीही कठड्याबाहेर काढायचं नाही. जहाज आणि दगड यांच्या मधल्या फटीत सापडलेली वस्तू परत येत नाही, मग ती बोटं असोत की फोन. रात्री लॉकमध्ये जहाज भिंतीला घासतं, धक्के बसतात; ते अपघात नव्हेत.

सर्वांत मोठी जिनेदार रांग बेर्गला आहे. कार्ल योहानचे सलग सात लॉक, चढ-उतार सुमारे १९ मीटर. जहाजाला इथे बराच वेळ लागतो, तेवढ्यात उतरून व्रेता मठाच्या चर्चपर्यंत चालत जाऊन येता येतं, इ. स. ११०० च्या सुमारास स्थापन झालेला हा स्वीडनमधला सर्वांत जुना मठ. ताटोर्प आणि बोरेन्सबेरीचे लॉक अजून हाताने चालतात, फोर्सविकचा १८१३ चा लॉक कालव्यावरचा सर्वांत जुना. फेरीनुसार वाडस्टेनाला थांबा असेल तर किल्ल्यापेक्षा संत बिर्गिट्टाच्या मठ-चर्चला जास्त वेळ द्या.

लॉकांच्या मधल्या पट्ट्यात काठाने चालत जाता येतं आणि चालणारा माणूस बहुधा जहाजाच्या पुढे असतो. उतरण्यापूर्वी गाइडला विचारा: पुन्हा कोणत्या लॉकवर चढायचं? नाव लिहून घ्या, ‘पुढचा’ एवढ्यावर भागवू नका. उंच गवतात शिरू नका. पूर्व किनारा आणि मेलारेन तळ्याच्या भागात गोचिडी मेंदूज्वर पसरवतात. लांब पँट, मोज्यात खोचलेली, आणि संध्याकाळी अंग तपासायचं.

शेवटच्या टप्प्यात सोदरतेल्येचा लॉक ओलांडून जहाज मेलारेनमध्ये येतं. इथेच व्हायकिंगांचं बिर्का आणि जवळच हेल्यो बेट. हेल्योच्या उत्खननात १९५० च्या दशकात सहाव्या शतकातली कांस्य बुद्धमूर्ती सापडली, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली. ती स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. वासा संग्रहालयाला सगळेच जातात आणि जावंच, १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासात बुडालेलं जहाज ३३३ वर्षांनी वर काढून उभं केलंय. पण ही तळहाताएवढी मूर्ती चुकवू नका.

९. काही बिनसलं तर

छोट्या जहाजावर डॉक्टर नसतो. तातडीचा क्रमांक ११२, इंग्रजी चालतं. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, फक्त फोनमध्ये नको. उपचार घेण्याआधी शक्य तर त्यांना कळवा, नाहीतर दावा अडतो.

जहाज चुकलं तर घाबरू नका. कंपनीला फोन करा आणि टॅक्सी बोलवा. कालव्यात वेगमर्यादा पाच नॉट, म्हणजे तासाला जेमतेम नऊ किलोमीटर. पुढच्या लॉकवर तुम्हीच आधी पोहोचाल.